ओट्याखालची झुरळं
रात्री दिवा लावताच सिंकखाली पळापळ होते ती बहुधा जर्मन झुरळांची: दीडेक सेंटिमीटर लांब, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळे पट्टे. गटारातून येणारं मोठं तांबूस झुरळ वेगळं. मोरीची जाळी झाकली की त्याचा बराच बंदोबस्त होतो. ही लहान जात मात्र घरातच नांदते. फ्रीजच्या मोटरपाशी, मिक्सरच्या बुडाशी, ट्रॉलीच्या बिजागरीत. मादी 30-40 अंड्यांची कुपी पोटाच्या टोकाला घेऊन हिंडते आणि पिल्लं निघायच्या बेतात आली की टाकते. कुपीतल्या अंड्यांना फवारा फारसा बाधत नाही. पेस्ट कंट्रोलनंतर काही आठवड्यांत पिल्लं पुन्हा दिसतात ती त्यामुळेच.

साल्मोनेलासारखे जंतू त्यांच्या पायांवरून अन्नावर येतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. विष्ठेच्या आणि गळालेल्या कवचांच्या धुळीने मुलांचा दमा बळावतो, याकडे मात्र दुर्लक्ष होतं.

उपाय म्हणून माझं मत झुरळांच्या विषारी जेलला. मसुराएवढे ठिपके फटींत लावावेत. वर स्प्रे मारू नये, नाहीतर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. विषारी खडूच्या रेघा रांगत्या बाळाच्या घरात नकोतच. आणि खरकटी भांडी रात्रभर सिंकमध्ये पडली असतील, तर जेल खायला कोण येणार?