गुडघ्यांतील कूर्चा

पोलादपूर तालुक्यांतील आमचें कापडे गांव डोंगराळ भागांतलें. शेतावर जावयाचें तर चढण, परतावयाचें तर उतार. साठी उलटली कीं प्रत्येकाच्या तोंडीं गुडघा! वर्गांत उभ्यानें शिकविण्यांत जन्म गेलेला मीही त्याच पंक्तीला बसलों आहें. मोडलेलें हाड कांहीं आठवड्यांत सांधतें. मग गुडघ्याची झीज कां भरून येऊं नये?

हाडांच्या टोकांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचें गुळगुळीत अस्तर असतें, तीच कूर्चा. तींत रक्तवाहिन्या नाहींत. त्यामुळें दुरुस्तीचें साहित्य तेथें पोंचत नाहीं. तींत पेशी अगदीं थोड्या. बाकीचें सारें पाणी आणि त्या पेशींनींच विणलेलें जाळें. सांध्यांतील वंगणांतून जें झिरपेल, त्यावर त्या जगतात. एकदां नष्ट झालेली कूर्चा पुन्हा येत नाहीं, असें विल्यम हंटर यानें १७४३ सालींच लिहून ठेविलें.

पुढें या पेशी बाहेर काढून वाढविण्यांत आल्या. त्या वाढल्या खऱ्या. परंतु पात्राच्या सपाट तळावर पसरतांच आपलें काम विसरून व्रणाच्या जातीचे तंतु विणूं लागल्या. १९८२ सालीं बेन्या व शॅफर यांनीं अशाच पेशी समुद्रशेवाळापासून काढलेल्या अगारोजच्या घट्टसर खळींत ठेविल्या. तेव्हां त्या पुन्हा गोल होऊन मूळचें काम करूं लागल्या! म्हणजे पेशीला नुसतें अन्न पुरत नाहीं, घरही तिच्या सवयीचें लागतें.

स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या वैद्यांनीं रोग्याच्याच कूर्चेंतील पेशी वाढवून खड्ड्यांत बसविल्याची हकीकत १९९४ सालीं प्रसिद्ध केली. दोन वर्षांनीं पाहतां, मांडीच्या हाडावरील १६ रोग्यांपैकीं १४ जणांस चांगला गुण आला होता. वाटीवरील ७ जणांपैकीं मात्र दोघांसच. २०१७ सालीं मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या अशा उपचारास आपल्याकडेही सरकारी मान्यता मिळाली.

पण एक गोष्ट विसरूं नये. हा उपाय अपघातानें एका जागीं पडलेल्या खड्ड्यासाठीं आहे. वार्धक्यानें सर्वत्र विरलेल्या अस्तरासाठीं नव्हे. फाटल्या जागीं ठिगळ लागतें, विरल्या धोतराला तें कोठें लावणार? म्हणून घरांतील वडील माणसाच्या गुडघ्यासाठीं कोणी हा खर्च सुचविल्यास प्रथम एवढेंच विचारावें : खड्डा एका जागीं आहे, कीं सारेंच अस्तर झिजलें आहे? माझें उत्तर मला ठाऊक आहे. म्हणून मी काठी घेतली, वजन उतरविलें आणि रोजचें चालणें सोडलें नाहीं.