वीतभर जागा, टनाचा हिशेब
घोडा आणि ट्रेलरची जोडणी कोठे असावी?

भिवंडीहून न्हावा शेवा बंदराकडे माल पाठविणारे आपले बांधव कंटेनरचे सील तपासतात, कागदपत्रे तपासतात, भाड्याची घासाघीस करतात. पण घोडा आणि ट्रेलर जेथे एकमेकांना जोडले जातात त्या जागेकडे सहसा कोणी पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो. गेल्या पावसाळ्यात आमचा माल घेऊन निघालेल्या ड्रायव्हरचा अर्ध्या वाटेतून फोन आला, "सेठ, स्टेअरिंग हलके लागते आहे, ओल्या रस्त्यावर गाडी नीट वळत नाही." काट्यावर एकूण वजन नियमात होते. दोष निघाला तो जोडणीच्या जागेत. कंटेनर केबिनला घासतो म्हणून कोणीतरी जोडणीची प्लेट मागे सरकवून बसविली होती.

घोड्याच्या चासीवर जी जाड, ग्रीस लावलेली प्लेट असते तिला फिफ्थ व्हील म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली लोखंडी खुंटी असते, ती किंगपिन. ही खुंटी प्लेटच्या जबड्यात अडकते आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा सगळा भार तेथेच घोड्यावर येतो. हा भार घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलवर कसा वाटला जाईल, हे प्लेटच्या जागेवर ठरते.

हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे. समजा, घोड्याच्या दोन एक्सलमधील अंतर ३,६०० मिलिमीटर आहे. रिकाम्या घोड्याचे वजन पुढे साडेचार टन व मागे अडीच टन आहे, आणि किंगपिनवर ९ टन भार येतो. जोडणी मागच्या एक्सलच्या ६०० मिलिमीटर पुढे असेल तर ९ टनांचा सहावा हिस्सा, म्हणजे दीड टन, पुढे जातो. पुढे ६ टन, मागे १० टन होतात. जोडणी बरोबर एक्सलच्या वर आणली तर पुढे काहीच जात नाही; पुढे साडेचार, मागे साडेअकरा. आणखी वीतभर, म्हणजे २०० मिलिमीटर, मागे नेली तर पुढचा भाग उलट उचलला जातो. पुढे ४ टनच उरतात आणि मागे १२ होतात. २०१८ साली वाढविलेल्या मर्यादेनुसार चार टायरच्या एका एक्सलवर साडेअकरा टनच चालतात. म्हणजे नियमही मोडला आणि पुढच्या चाकांची पकडही गेली. जीव जातो तो ड्रायव्हरचा.

मग प्लेट खूप पुढे न्यावी काय? तेही नाही. पुढच्या एक्सलवर भार वाढतो, टायर लवकर झिजतात. शिवाय वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनकडे येतो. किंगपिनपासून ट्रेलरचे पुढचे तोंड ९० सेंटिमीटरवर असले, तरी २४४ सेंटिमीटर रुंदीच्या ट्रेलरचा कोपरा किंगपिनपासून सुमारे १५२ सेंटिमीटर लांब असतो. वळताना तोच कोपरा फिरतो. म्हणून मोकळी जागा सरळ उभ्या गाडीत नव्हे, कोपऱ्याच्या हिशेबाने मोजावी. तसेच ट्रेलरचे उभे राहण्याचे पाय घोड्याच्या मागच्या टोकाला लागत नाहीत ना, हेही पाहावे.

आता आपल्या व्यापाऱ्यांच्या हातातली गोष्ट. जोडणी योग्य असूनही माल चुकीचा ठेवला तर हिशेब बिघडतो. किंगपिन आणि ट्रेलरच्या एक्सलमधील अंतर ८ मीटर धरले, तर २० टनांचा वीस फुटी कंटेनर ३ मीटर पुढे सरकविल्याने किंगपिनवर साडेसात टन वाढतात! म्हणून चाळीस फुटी ट्रेलरवर एकच वीस फुटी कंटेनर असेल तर तो कोठे ठेवला आहे ते विचारावे. कंटेनरमध्येही सुताच्या जड गाठी एका टोकाला आणि हलका तयार माल दुसऱ्या टोकाला, असे भरू नये.

शंका आली तर काट्यावर तीन पर्च्या घ्याव्यात. आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण घोडा, मग ट्रेलरची चाके. आर.सी. बुकात प्रत्येक एक्सलचे मंजूर वजन लिहिलेले असते, त्याच्याशी पडताळून पाहावे. प्लेट सरकवायची असेल तर गाडी बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत कारखान्यातच न्यावी. रस्त्याकडेच्या गॅरेजात चासीला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून प्लेट बसविणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

आमच्या त्या ट्रेलरमधला माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला. दोन दिवस गेले, जहाज चुकले. पण ड्रायव्हर सुखरूप घरी पोचला. त्याने वेळीच गाडी थांबविली नसती तर हा हिशेब आम्हाला फार महागात शिकावा लागला असता. म्हणून बांधवांनो, स्टेअरिंग हलके लागते असे ड्रायव्हर म्हणाला तर त्याला 'चल पुढे' म्हणू नका. गाडी काट्यावर न्या.