पुणे परिसरातील उठावांचा नकाशा

पिंपरी-चिंचवड व चाकणचा औद्योगिक पट्टा ज्या भूभागावर उभा आहे, त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या घाटवाटा आणि पूर्वेस भीमेकाठचे मैदान आहे. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही बाजूंना उठाव झाले. त्यांतील घटना तारीखवार नकाशावर मांडल्या असता हिंसाचाराचे ठिकाण कसे व का बदलत गेले, हे ध्यानात येते.

महादेव कोळी समाजातील जांबोरीचे होनाजी केंगले यांनी १८७३ ते १८७६ या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक व ठाणे या चार जिल्ह्यांतील सावकारांवर हल्ले केले. नकाशावर हे ठिपके घाटमाथ्याच्या आसपासच मागेपुढे सरकतात. एका जिल्ह्यात पाठलाग सुरू होताच डोंगर ओलांडून दुसऱ्या जिल्ह्यात उतरणे तेथे सोपे होते.

मैदानातील चित्र निराळे आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून घेतली. पाठोपाठ पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावे उठली. सुप्याचे लोक गावोगाव फिरत नव्हते. गाऱ्हाणे सर्वत्र एकच असल्याने एका गावाचे पाहून दुसरे गाव पुढे येत होते. या दंग्यांत ९५१ जणांना अटक झाली व ५०१ जणांना शिक्षा झाली. हा खरा प्रसार होय.

वासुदेव बळवंत फडके यांच्या १८७९ च्या उठावाचा माग याहून वेगळा. फेब्रुवारीत शिरूर भागातील धामारी, पुढे वाल्हे, मे महिन्यात पनवेलजवळील पळस्पे व चिखले (पिंपरी-चिंचवडमधील चिखली नव्हे). चिखल्याहून परतताना दौलतराव नाईक चकमकीत पडले. २० जुलै रोजी फडके तत्कालीन कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे पकडले गेले. दक्षिणेकडे गेलेली ही रेषा पाहून उठाव तेथवर पसरला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. ती मुख्यतः पाठलागाची रेषा आहे. नुसत्या ठिपक्यांवरून प्रसार कोणता आणि माघार कोणती, हे ओळखता येत नाही. त्यासाठी तारखांबरोबरच पोलीस व लष्कराच्या हालचालीही नोंदवाव्या लागतात.

पुढचा ठळक ठिपका शहराच्या वेशीवर पडतो. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलुमामुळे २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या झाडणारे दामोदर व बाळकृष्ण चापेकर हे चिंचवडचे होते.