एम.ए. इंग्लिशच्या वर्गात काय चालतं?

सोलापुरात सात रस्त्यावर संगमेश्वर कॉलेजच्या आसपास एखाद्या पोरानं ‘एम.ए. इंग्लिश करतोय’ म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘मग आता फाडफाड बोलत असशील!’ पोरगं बिचारं हसून गप्प बसतं. बोलायला शिकवणारे क्लास वेगळे असतात. या दोन वर्षांत शिकायचं असतं ते इंग्रजीत लिहिलेलं साहित्य वाचायला: ते कधी लिहिलं गेलं, कोणत्या साच्यात लिहिलं गेलं, आणि त्या काळानं त्या साच्याचं काय केलं.

सोलापुरात दयानंद कॉलेज १९४० मध्ये सुरू झालं, संगमेश्वर १९५३ मध्ये. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर इथली कॉलेजं त्याच्याशी जोडली गेली, आणि २००४ मध्ये जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. ते केगावला आहे आणि आज अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं ओळखलं जातं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातला दोन वर्षांचा एम.ए. ८८ क्रेडिटचा आहे. सेमिस्टर चार, प्रत्येकी २२ क्रेडिट. पहिल्या सेमिस्टरला संशोधनपद्धती, दुसऱ्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प, आणि दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्प. एका वर्षानंतर, ४४ क्रेडिटवर, पदविका घेऊन बाहेरही पडता येतं. उरलेला मोठा भाग पेपरांचा, आणि खरा अभ्यास तिथंच आहे.

पेपर दोन रीतींनी पाडलेले असतात. काही काळाप्रमाणे: चॉसरपासून मिल्टनपर्यंत, मग अठरावं शतक, रोमँटिक, व्हिक्टोरियन, आधुनिक. काही साहित्यप्रकाराप्रमाणे: कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा. विद्यार्थी बहुधा इथंच गोंधळतो. एका पेपरात शेक्सपिअर नाटककार म्हणून भेटतो, दुसऱ्यात एलिझाबेथच्या काळाचा प्रतिनिधी म्हणून. नोट्सच्या दोन वह्या होतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांना बोलतं करणं हाच या अभ्यासाचा गाभा आहे. उदाहरणासाठी सॉनेट घेऊ, कारण ते लहान आहे.

चौदा ओळींचा हा प्रकार मूळचा इटलीतला. चौदाव्या शतकात पेत्रार्कनं तो गाजवला: आठ ओळींत मांडणी, सहा ओळींत वळण, आणि विषय हाती न लागणारी प्रेयसी. सोळाव्या शतकात वायटनं तो इंग्लंडच्या दरबारात आणला. वायट आठव्या हेन्रीचा राजदूत, स्वतः इटलीला जाऊन आलेला. मग सरे आणि पुढं शेक्सपिअर यांच्या हाती साचा बदलला: चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळींचा टोला. इंग्रजीत यमकं इटालियनइतकी मुबलक नाहीत, ही त्यामागची एक साधी तांत्रिक अडचण. पण परिणाम तांत्रिक राहिला नाही. शेवटच्या दोन ओळींत निकाल द्यायची सोय झाल्यावर कविता वकिलासारखी युक्तिवाद करू लागली. शेक्सपिअरची १५४ सॉनेट १६०९ मध्ये छापली गेली, आणि त्यांतला मोठा भाग प्रेयसीला नव्हे, तर एका तरुण पुरुषाला उद्देशून आहे.

पुढं डननं तोच साचा देवाशी भांडायला वापरला. मिल्टननं स्वतःच्या अंधत्वावर लिहिलं, आणि १६५५ मध्ये पीडमाँटला झालेल्या धार्मिक कत्तलीवरही. प्रेमाची चौकट राजकारणाची झाली. त्यानंतर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सॉनेट जवळपास अंग चोरून बसतं. ड्रायडन आणि पोप यांचा जमाना सार्वजनिक वादविवादाचा आणि उपरोधाचा, त्याला दोन-दोन यमकबद्ध ओळींची लांब रांग सोयीची होती. खासगी दुःखाला पुन्हा भाव आला तेव्हा, १७८४ मध्ये, शार्लट स्मिथनं सॉनेटांचा संग्रह काढला. मग वर्ड्‌स्वर्थनं साचा पुन्हा प्रतिष्ठेला नेला, आणि मेरेडिथनं १८६२ मध्ये मोडक्या लग्नाची कहाणी सांगताना ओळी सोळा केल्या.

आपल्याकडं केशवसुतांनी १८९२ मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहिलं, ते मराठीतलं पहिलं सुनीत, म्हणजे सॉनेट, मानलं जातं. इतकं पाहिल्यावर ‘सॉनेटची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाला पाच मुद्द्यांचं ठोकळेबाज उत्तर देववत नाही.

नाटकाचंही तसंच. १६४२ मध्ये प्युरिटन संसदेनं लंडनची नाट्यगृहं बंद केली, ती राजेशाही परत आल्यावर १६६० मध्ये उघडली. मधल्या काळात प्रेक्षक बदलला होता, आणि आता स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या. त्यानंतरच्या विनोदी नाटकांतला धीटपणा लेखकांच्या स्वभावात शोधण्याआधी या दोन गोष्टींत शोधावा.

कादंबरीशी सोलापूरकराचं नातं मात्र सरळ आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, तिचा भोंगा, त्यावर चालणारी घरं हे ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय, त्यांना डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ परकी वाटायचं कारण नाही. ती १८५४ मध्ये साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली. त्याआधी डिकन्स प्रेस्टनला कापडगिरणी कामगारांचा लढा पाहायला गेला होता. माझ्या मते त्याला कामगाराचं दुःख कळलं, संघटना कळली नाही. युनियनचा पुढारी त्यानं अगदीच उथळ रंगवलाय. गिरणगावात वाढलेल्या वाचकाला हे गाईडशिवाय खटकतं, आणि खटकलेलं मांडायची शिस्त समीक्षेच्या पेपरात मिळते. मार्क्सवादी, स्त्रीवादी, वसाहतोत्तर ही नावं पाठ करायची नसतात. तेच पुस्तक हातात घेऊन वेगळा प्रश्न विचारायच्या त्या पद्धती आहेत.

गाईडचा विषय निघालाच आहे, तर क्रम सांगून टाकतो. आधी मूळ टेक्स्ट. कॉपीराइट संपलेली पुस्तकं ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर फुकट मिळतात. मग त्या काळाचा थोडा इतिहास, मग अब्रॅम्सचा संज्ञाकोश, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्यांची मतं. गाईडपासून सुरुवात केली तर टेक्स्ट वाचायची इच्छाच मरते. ‘नेट’ परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण. त्यात कालक्रम लावा, जोड्या जुळवा असा मारा असतो. त्यासाठी सनावळीची एक लांब पट्टी भिंतीवर लावावी, पण ती परीक्षेची सोय झाली, अभ्यास नव्हे.

शेवटचा टप्पा प्रकल्पाचा. ‘डिकन्सच्या कादंबऱ्यांतील समाजदर्शन’ असा विषय घेऊन पोरं बुडतात. विषय बोटावर मावेल एवढा असावा. एक सुचवतो. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. त्यांचं ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ चं, संतोष भूमकरांचा इंग्रजी अनुवाद २००३ चा. त्याच्या शेजारी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ठेवा, १८३७ ते १८३९ दरम्यान हप्त्यांनी आलेली. दोन्हींत भुकेलं मूल आहे, दोन्हींत त्याचा जन्म लग्नाबाहेरचा. ऑलिव्हरच्या बापाचं नाव शेवटच्या प्रकरणांत सापडतं, वारशातला वाटा मिळतो, मायेचं घर मिळतं, कारण तेव्हाच्या कादंबरीच्या वाचकाला तसा शेवट हवा होता. लिंबाळ्यांना बापाचं नाव आधीपासून ठाऊक आहे. गावाच्या लेखी त्यानं काहीच सुटत नाही. आत्मकथनात ऑलिव्हरसारखा शेवट लिहिता येत नाही. तो न येणं काळामुळं किती, जातीमुळं किती आणि साहित्यप्रकारामुळं किती, एवढा एकच प्रश्न प्रकल्पाला पुरून उरेल.