नव्या वर्षाचा संकल्प

वर्षाचा पहिला दिवस कोणता, असे कोणी विचारले, तर आपल्याकडे त्याला एकच उत्तर देता येत नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदेला दारी गुढी उभी राहते आणि शालिवाहन शकाचे नवे वर्ष सुरू होते. दिवाळीच्या पाडव्याला अनेक व्यापारी नव्या वह्यांचा आरंभ करतात. १ एप्रिलला सरकारच्या जमाखर्चाचे वर्ष सुरू होते, तर १ जानेवारीला भिंतीवरचे जुने कॅलेंडर उतरून त्या जागी नवे येते. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून जी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तिच्याप्रमाणे वर्षाचा पहिला दिवस २२ मार्चला, आणि लीप वर्षात २१ मार्चला येतो. तुम्हां विद्यार्थ्यांचे तर याहून निराळेच असते. उन्हाळ्याची सुटी संपली, शाळेची घंटा वाजली आणि कोऱ्या वह्यांवर नाव घातले, की तुमचे नवे वर्ष सुरू झाले!

वर्षारंभाचे दिवस असे अनेक असले, तरी त्या दिवशी मनात उठणारा विचार मात्र बहुधा एकच असतो. मागचे वर्ष गेले ते गेले. आता यापुढे आपण अधिक चांगले वागू. ‘मी यंदा खूप अभ्यास करीन’, ‘मी पहाटे उठेन’, ‘मी कधीही रागावणार नाही’, ‘मी रोज व्यायाम करीन’, असे बेत घरोघरी ठरतात. पहिले चार दिवस उत्साहात जातात. पुढे एखादा पाहुणा येतो, एखाद्या दिवशी पाऊस लागतो, एखाद्या दिवशी अंगात कसर येते, आणि पंधरा दिवसांनी पाहावे तो संकल्प कोठे गेला, याचा कोणालाच पत्ता नसतो!

असे झाले म्हणजे वडीलधारी माणसे म्हणतात, “तुझ्यात चिकाटीच नाही.” हे बोलणे नेहमीच खरे असते असे नाही. पुष्कळदा दोष त्या मुलाच्या चिकाटीत नसून संकल्पाच्या घडणीत असतो. ज्याला आपण संकल्प म्हणतो, ती बहुधा नुसती इच्छा असते. ‘मला पोहता यावे’ ही इच्छा झाली. इच्छा करण्यास काहीच लागत नाही. ती अंथरुणावर पडल्या पडल्याही करता येते. संकल्पाचे तसे नसते.

घरी सत्यनारायणाची किंवा गणपतीची पूजा होते, तेव्हा गुरुजी आरंभी यजमानाकडून संकल्प सोडवितात, तो तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. त्यातील संस्कृत शब्द झरझर निघून जातात, म्हणून त्यांच्या अर्थाकडे आपले लक्ष जात नाही. पण तो अर्थ मोठा मौजेचा आहे. आपण कोणत्या देशात आहोत, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, हे त्यात प्रथम सांगितले जाते. मग संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी आणि वार यांचा उच्चार होतो. त्यानंतर यजमान आपले गोत्र व नाव सांगतो, आणि शेवटी आज मी अमुक एक कर्म करणार आहे, असे म्हणून तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडतो. कोठे, केव्हा, कोण आणि काय, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यात आली! आपल्या पूर्वजांनी संकल्प ही गोष्ट किती नेमकी मानली होती, हे यावरून दिसते.

त्या पाणी सोडण्यातही एक अर्थ आहे. दान देताना देणारा उदक सोडतो. म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क तो सोडून देतो. यावरूनच ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. संकल्प करणाऱ्यानेही कशावर तरी पाणी सोडावे लागते. दिवसाचे तास चोवीसच असतात, आणि ते आधीच कशाने ना कशाने भरलेले असतात. रोज अर्धा तास वाचावयाचे असेल, तर तो अर्धा तास खेळातून, गप्पांतून, मोबाइलमधून किंवा झोपेतून काढावा लागतो. तो कशातून काढणार, हे ज्याने ठरविले नाही, त्याने संकल्प केलाच नाही, असे समजावे.

एक उदाहरण घेऊ. ‘मी यंदा गणितात सुधारणा करीन’ हे वाक्य कानाला गोड लागते. परंतु उद्या सकाळी उठून नेमके काय करावयाचे, ते त्यात सांगितलेले नाही. त्याऐवजी ‘संध्याकाळी दिवा लागल्यावर, जेवणाची पाने मांडण्यापूर्वी, खिडकीजवळ बसून मी तीन गणिते सोडवीन, आणि त्या वेळची टीव्हीवरची मालिका पाहणार नाही’ असे म्हटले, तर कोठे, केव्हा, काय आणि कशावर पाणी सोडून, हे सारे ठरून जाते. तीन गणिते ही काही मोठी संख्या नव्हे. पण आठवड्याला ती एकवीस होतात, आणि वर्षाला हजारांवर जातात.

ज्या कामाला ठरलेली वेळ असते, ते हळूहळू सवयीचे होते आणि मग त्याचे ओझे वाटत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी या गोष्टीचा अभ्यास केला, आणि तो २०१० साली छापून प्रसिद्ध झाला. त्यात ९६ जणांनी भाग घेतला होता. जेवणाबरोबर एक फळ खाणे, रात्रीच्या जेवणापूर्वी थोडे धावणे, अशी एखादी साधी गोष्ट प्रत्येकाने निवडली आणि रोज ठरावीक प्रसंगी ती करण्याचे ठरविले. ती आपोआप होऊ लागण्यास किती दिवस लागतात, ते संशोधकांनी पाहिले. सरासरी ६६ दिवस लागतात, असे आढळले. काहींना फार थोडे दिवस पुरले, तर काहींना याहून पुष्कळ अधिक लागतील असे दिसले. याचा अर्थ असा, की १ जानेवारीला केलेला संकल्प अंगवळणी पडण्यास मार्चचा पहिला आठवडा उजाडावा लागेल. मग पंधराव्या दिवशी कंटाळा आला, तर त्यात नवल काय? तोवर आपण निम्मी वाटसुद्धा चाललेलो नसतो.

याच अभ्यासात आणखी एक धीर देणारी गोष्ट दिसून आली. मध्येच एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात विशेष अडथळा येत नाही. पुष्कळ मुले येथेच फसतात. ‘काल नेम मोडला, आता काय उरले!’ असे म्हणून ती वहीच मिटून टाकतात. परंतु मोडलेला दिवस एकच असतो. त्याच्यापायी पुढचे सगळे दिवस का टाकावे?

बेंजामिन फ्रँकलिन हे नाव तुम्ही विज्ञानात विजेच्या संदर्भात वाचाल. हा अमेरिकन गृहस्थ १७०६ साली जन्मला. पुढे तो मोठा मुद्रक, शास्त्रज्ञ व मुत्सद्दी म्हणून नावारूपास आला. तरुणपणी त्याने तेरा सद्गुण निवडले आणि एक लहानशी वही केली. वहीच्या प्रत्येक पानावर आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने आखले, आणि आडव्या ओळींत तेरा गुणांची अक्षरे लिहिली. ज्या गुणाच्या बाबतीत चूक होई, त्याच्या घरात तो रात्री एक काळा ठिपका काढी. एका आठवड्यात एकाच गुणाकडे तो विशेष लक्ष देई. तेरा आठवड्यांत एक फेरी पुरी होई. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत अशा चार फेऱ्या होत. नीटनेटकेपणा हा गुण आपल्याला कधीच पुरता साधला नाही, असे त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. तरी या प्रयत्नाने आपण आधीपेक्षा चांगले व अधिक सुखी झालो, असेही त्याने लिहून ठेवले आहे. ठिपके पडले म्हणून त्याने वही फेकून दिली नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

आपल्या महाराष्ट्रातील महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्रही हेच सांगते. विधवा स्त्रियांना शिक्षण मिळावे, हे त्यांचे ध्येय होते. ध्येय डोंगराएवढे, पण ते गाठले रोजच्या पावलांनी. पुण्याजवळ हिंगणे येथे त्यांनी एका झोपडीत आश्रम थाटला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून, पुण्याहून हिंगण्याची ती वाट ते पायी तुडवीत जात आणि तेथील मुलींना शिकवीत. वाट कच्ची, पावसाळ्यात चिखलाची! १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. लोकांना ते विद्यापीठ दिसते. त्यामागची ती चिखलाची वाट दिसत नाही. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी या काळात संसाराचा मोठा भार उचलला, हेही विसरून चालणार नाही.

आनंदीबाईंचा उल्लेख मुद्दाम केला, त्याला कारण आहे. घरात राहणाऱ्या माणसाचा संकल्प कधी एकट्याचा नसतो. समजा, पाडव्याच्या दिवशी एका घरात जेवणे झाल्यावर सगळे एकत्र बसले आहेत. थोरला मुलगा म्हणतो, “उद्यापासून मी पहाटे पाचला उठून अभ्यास करणार.” ताई म्हणते, “मी रोज घरचा डबा नेणार. बाहेरचे काही खाणार नाही.” बाबा म्हणतात, “मी रोज सकाळी फिरायला जाईन.” किती चांगले संकल्प! परंतु थोडा विचार करा. मुलाला पाचला उठविणार कोण? आई. ताईचा डबा सकाळी करणार कोण? आई. बाबा फिरायला गेल्यावर पाणी भरणार आणि दूध तापविणार कोण? तीही आईच. तीन माणसांनी संकल्प केले, आणि त्या तिन्ही संकल्पांचे पाणी पडले ते एकट्या आईच्या झोपेवर!

मग धाकटा विचारतो, “आई, तुझा संकल्प कोणता?”

आई हसून म्हणते, “मला कसला रे संकल्प! तुमचे पार पडले, की झाले.” आणि थोड्या वेळाने हळूच म्हणते, “रात्री निजण्यापूर्वी दहा पाने वाचावीत, असे फार दिवस मनात आहे. पण ओटा आवरीपर्यंत डोळे मिटू लागतात.”

मुलांनो, तुमच्या घरी हा प्रश्न कोणी कधी विचारला आहे काय? नसेल, तर तुम्ही विचारून पाहा. त्या घरातल्या माणसांनी काय केले असेल, ते सांगतो. थोरल्याने गजराचे घड्याळ स्वतःच्या उशाशी घेतले. ताईने आदल्या रात्री भाजी निवडून, चिरून ठेवण्याचे पत्करले. पाणी भरूनच फिरायला निघायचे, असे बाबांनी ठरविले. रात्री जेवणानंतर ओटा पुसण्याचे काम ताईकडे, भांडी जागच्या जागी लावण्याचे थोरल्याकडे आणि अंथरुणे घालण्याचे धाकट्याकडे आले. आईला अर्धा तास मिळाला. हा अर्धा तास आकाशातून पडला नाही. चौघांनी आपापल्या वेळेवर थोडेथोडे पाणी सोडले, तेव्हा तो साठला.

म्हणून कोणताही संकल्प करताना स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारावा: याचे श्रम मी करणार, की दुसऱ्याकडून करवून घेणार? दुसऱ्याच्या श्रमांवर उभा राहिलेला नेम फार दिवस टिकत नाही. आणि टिकला, तरी त्याचे श्रेय आपले नसते.

सर्वांच्या घरची परिस्थिती सारखी नसते, हेही ध्यानात असावे. कोणाला लांबून पाणी आणावे लागते, कोणाला शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते, तर कोणी शेतात किंवा दुकानात वडिलांच्या हाताखाली राबतो. अशा मुलाच्या वाट्याला दिवसातून दहाच मिनिटे आली, तर त्याचा संकल्प दहा मिनिटांचा असावा. त्यात काही कमीपणा नाही. रिकामा वेळ भरपूर असणाऱ्याच्या दोन तासांपेक्षा त्या दहा मिनिटांचे मोल अधिक आहे, कारण ती मोठ्या कष्टाने मिळविलेली असतात.

तेव्हा येत्या वर्षारंभी, मग तो चैत्रातला असो, जानेवारीतला असो वा शाळा उघडण्याचा असो, दहा संकल्प करू नका, एकच करा. तो लहान असू द्या, पण कोठे, केव्हा, काय आणि कशावर पाणी सोडून, हे त्यात स्पष्ट असू द्या. तो घरातील सर्वांना सांगा, आणि त्यांचेही ऐकून घ्या. नेम पाळलेल्या दिवशी कॅलेंडरवर एक रेघ ओढा. चुकलेल्या दिवसाची जागा मोकळी राहू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ ओढावयास सज्ज व्हा. वर्ष संपेल तेव्हा काही घरे मोकळी दिसतील, पण रेघांची घरे त्याहून पुष्कळ अधिक असतील. तेवढे तुमचे खरे नवे वर्ष होय.