मुसळाच्या चाकांचा ट्रक

तुमच्या घरच्या माळ्यावर आत्ता काय काय पडलंय, जरा आठवून बघा. मोडक्या पाटाची फळी, जुन्या कपाटाचा खण, पाय निखळलेलं स्टूल, कधीतरी आलेल्या फ्रीजच्या पॅकिंगच्या पट्ट्या. टाकवत नाही आणि उपयोगही सुचत नाही. पूर्वी घरोघरी पाण्याचा बंब होता, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटायचा. बंब गेले, गिझर आले, आणि लाकूड माळ्यावर चढून बसलं.

या लाकडाची मुलांसाठी छान खेळणी होतात, आणि ती आपल्या हातांनी होतात. एवढंच आज सांगायचंय. पण मैत्रिणींनो, कृतीकडे वळण्याआधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. ती वाचल्याशिवाय करवतीला हात लावू नका.

माझं सासर कर्जतचं आणि माहेर खोपोलीचं. बोरघाटाच्या पायथ्याशी आजोळ म्हटल्यावर आमच्या धाकट्याला ट्रकचं वेड लागलं नसतं तरच नवल! मामाच्या कडेवर बसून घाट चढणाऱ्या गाड्या बघायच्या, हाच त्याचा उद्योग. बाजारातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रकची चाकं आठ दिवसांत निखळली. म्हटलं, आपणच लाकडाचा करावा. आमचे हे सकाळच्या लोकलने मुंबईला गेले की दुपार माझीच. फळांचं खोकं फोडलं आणि शेजारच्या सुतारकाकांकडून करवत मागून आणली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सुताराचं काम सुतारानं करावं. उद्या हात कापून घेतलास म्हणजे?"

हात काही कापला नाही. तीन दुपारी खपून ट्रक उभा राहिला. मग त्याला शोभा यावी म्हणून फाटकाला लावून उरलेला लाल ऑइलपेंट दिला. तिसऱ्या दिवशी बघते तर काय, अडीच वर्षांचं पोर ट्रकची कड तोंडात धरून बसलेलं आणि ओठांवर लाल कपचे! तशीच त्याला उचलून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रंग कधीचा होता?" मला सांगता येईना. डबा गंजलेला, त्यावरचं लेबल केव्हाच गेलेलं. त्यांनी रक्त तपासायला दिलं. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अहवाल चांगला आला. तो ट्रक आणि उरलेला रंग मी त्याच दिवशी घराबाहेर काढला.

डॉक्टरांनी तेव्हा समजावलेलं तुम्हालाही सांगते. पूर्वी पुष्कळ ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं, आणि वाईट हे की पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही. ना ताप, ना उलटी. कळतं ते रक्ताच्या तपासणीतच. आपल्याकडे घरगुती रंगांमधल्या शिशावर २०१६ मध्ये नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली. हे नियम घरगुती आणि शोभेच्या रंगांना आहेत. कारखान्यांतल्या यंत्रांना लावायच्या रंगांना नाहीत. शिवाय माळ्यावरचा जुना डबा २०१७ च्या आधीचा असला तर? म्हणून उरलेला रंग खेळण्याला लावायचा नाही, म्हणजे नाही!

सासूबाई "मी सांगत नव्हते?" असं म्हणाल्याच. पण महिनाभर पोरगं "माझा टक कुठे?" म्हणून माझा पदर ओढत राहिलं, तेव्हा त्यांनीच मागच्या पडवीतून स्वतःचं जुनं मुसळ आणून दिलं. वरून चिरलेलं होतं. म्हणाल्या, "याची चाकं होतील का बघ. याला रंग नको नि काही नको." त्याच मुसळाच्या चाकांचा ट्रक आजही घरात आहे. आता भाचा त्याच्याशी खेळतो.

तसं बघितलं तर लाकडी खेळणं आपल्याला नवीन थोडंच आहे? पांगुळगाड्याला धरून कितीतरी पिढ्या चालायला शिकल्या. आपल्या आज्या ठकीशी खेळल्या. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी होतात, ती पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी तर जगभर जातात. तिथे आपल्याकडच्या काळ्या कुड्याचं लाकूड वापरतात. ते चरकावर फिरवतात आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर गुळगुळीत बसते.

लाकूड कोणतं घ्यावं?

साग, शिवण, आंबा, फणस यांचे तुकडे मिळाले तर उत्तम. लाकडाच्या वखारीत किंवा सुताराकडे कापून उरलेले तुकडे असतात, आणि विचारलं तर ते बहुधा स्वस्तात देतात. जंगलातून ओलं लाकूड मात्र आणू नका. ते वाळताना तडकतं, आणि साग तर स्वतःच्या जमिनीतला असला तरी तोडायला परवानगी लागते.

खालापूर तालुक्यात कारखाने पुष्कळ, तेव्हा पॅकिंगची खोकी आणि फळ्याही मिळतात. हे लाकूड मऊ आणि सरळ, नवशिकीला सोपं. पण बघून घ्या. परदेशातून आलेल्या खोक्यावर शिक्का असतो. त्यात एचटी ही इंग्रजी अक्षरं असली तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेलं असतं. ते चालेल. एमबी असेल तर कीड मारायला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घेऊ नका. डाग पडलेली, तेलकट, उग्र वासाची फळी कितीही चांगली दिसली तरी नको. तिच्यावर कसली पिंपं ठेवली होती हे आपल्याला कोण सांगणार? प्लायवूडचे तुकडेही तान्ह्यांच्या खेळण्याला नकोत. कडेचे पापुद्रे सुटतात आणि तोंडात जातात.

आणखी एक. आपल्या भागात पावसाळ्यात दारं-खिडक्यासुद्धा फुगून बसतात. तेव्हा हे काम दसऱ्यानंतर काढा. फळ्या आधी पंधरा दिवस सावलीत, वारं लागेल अशा ठेवा. पिठासारखी भुकटी गळत असेल तर लाकडात भुंगा आहे असं समजा आणि ते बाजूला टाका.

साहित्य

२ सेंटिमीटर जाड व ९ सेंटिमीटर रुंद फळी, लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर. फळांच्या खोक्याच्या १ सेंटिमीटर जाड पट्ट्या. ८ मिलिमीटर जाडीची सरळ लाकडी किंवा बांबूची काठी. चाकांसाठी ५ ते ६ सेंटिमीटर व्यासाचं गोल लाकूड: जुनं मुसळ, बाजेचा किंवा टेबलाचा गोल पाय. याशिवाय करवत, कानस, फेविकॉल, जाडा व बारीक पॉलिशपेपर, आणि भोकं पाडायला गिरमिट किंवा ड्रिल.

कृती

फळीचा ३० सेंटिमीटर लांब तुकडा कापा. हा ट्रकचा तळ. उरलेल्या फळीतून ७ सेंटिमीटर लांबीचे चार तुकडे कापून एकावर एक चिकटवा. ८ सेंटिमीटर उंचीची केबिन तयार झाली. ती तळाच्या पुढच्या टोकाला चिकटवा आणि दोरीनं घट्ट बांधून रात्रभर ठेवा. वर वरवंटा ठेवला तरी चालतो!

मागे २३ सेंटिमीटर जागा उरते, तो हौदा. खोक्याच्या पट्टीचे २३ सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर उंच असे दोन तुकडे दोन्ही कडांवर उभे चिकटवा. ७ सेंटिमीटर लांब व तेवढ्याच उंचीचे दोन तुकडे पुढे-मागे बसवा. बाईच्या हाताला खिळे ठोकायची भीती वाटते म्हणून नव्हे, तर खिळा पुढे वर येतो आणि मुलाला लागतो म्हणून शक्य तिथे फेविकॉलच वापरा.

आता चाकं. मुसळाचे दीड सेंटिमीटर जाडीचे चार काप हवेत. त्याहून पातळ केले तर ते रेषेत चिरतात. मुसळाचं लाकूड कठीण असतं, तेव्हा हे काप वखारीत यंत्रावर करून घेतलेत तरी कमीपणा नाही. मीही तसंच केलं. लोखंडी कडं आधी काढायला विसरू नका. चाकाचा मध्य शोधायला चाक कागदावर ठेवून गोल काढा, तो कापा आणि चौघडी करा. घड्या जिथे मिळतात तो मध्य. कागद चाकावर ठेवून तिथे खूण करा आणि ८ मिलिमीटरचं भोक पाडा. भोक मधोमध नसेल तर ट्रक लंगडत चालतो. मुलांना त्यातही गंमत वाटते म्हणा!

आसासाठी लांब भोक पाडायची गरज नाही. तळाच्या खालच्या बाजूला खोक्याच्या दोन पट्ट्या आडव्या चिकटवा. मध्ये १ सेंटिमीटर फट ठेवा. त्या फटीत १३ सेंटिमीटर लांबीची काठी ठेवून खालून तिसरी पट्टी चिकटवा. काठीला फेविकॉल लागता कामा नये, ती मोकळी फिरली पाहिजे. असंच पुढे आणि मागे करा. शेवटी काठीच्या टोकांना चाकं घट्ट चिकटवा.

आता खरं काम घासण्याचं. आधी जाडा, मग बारीक पॉलिशपेपर. सगळे कोपरे आणि कडा गोल झाल्या पाहिजेत. झालं की जुनी नायलॉनची साडी किंवा ओढणी ट्रकवरून फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे कुसळ आहे. पुन्हा घासा. भुसा नाकात जातो, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून गच्चीत किंवा अंगणात बसा आणि तान्ह्याला लांब ठेवा.

रंगाऐवजी जवसाचं तेल पातळ पुसून लावा, पण खाण्याचं. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. खाण्याचं तेल वाळायला कित्येक दिवस लागतात, घाई करू नका. तेल लावलेली चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती बाहेर पसरून वाळवा.

मुलाच्या हाती देण्याआधी

चाकं ओढून बघा. आपल्या पूर्ण जोरानं निघत नाहीत ना? तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी खेळणं असेल तर सुटा होणारा एकही लहान तुकडा नको. खेळणी तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीची एक नळी वापरतात. तिच्यात जो तुकडा पुरता मावतो, तो घशात अडकू शकतो. आपण घरी ४ सेंटिमीटर रुंदीची पुठ्ठ्याची नळी करून ताडून बघावं, म्हणजे धोका नको. ट्रकला ओढायची दोरी बांधायची तर आखूडच बांधा. लांब दोरी गळ्याभोवती गुंडाळली जाते.

उरलेल्या तुकड्यांचं काय?

संक्रांतीचं वाण! मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, आणि दरवर्षी तेच प्लॅस्टिकचे डबे आपण एकमेकींना लुटतो. त्यापेक्षा गरम पातेल्याखाली ठेवायची लाकडी चकती, किल्ल्या अडकवायची पट्टी, उदबत्तीचं घर करून बघा. बोरन्हाणाला छोट्या मुलाला लाकडी गाडी द्या. घरी किंवा नात्यात भेट द्यायला कोणाची आडकाठी नाही. मात्र खेळणी विकायचा विचार मनात आला तर आधी चौकशी करा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. केंद्राच्या हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सवलत दिलेली आहे.

धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत भाच्यानं ट्रकचं एक चाक उखडलं, तेव्हा यानंच माझा फेविकॉल शोधला, चाक बसवलं, दोरीनं बांधलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी भाच्याच्या हातात देण्याआधी त्यानं काय केलं असेल? चाक दोन्ही हातांनी ओढून बघितलं. सासूबाई बाजूला बसून बघत होत्या. म्हणाल्या, "जोरात ओढ रे, अजून जोरात."