सफरचंद आणि डब्यातला टोमॅटो

आठवड्याच्या बाजारात आम्हाला एक मावशी भेटल्या. त्यांचे पोर नुकतेच तापातून उठले होते. मावशींनी घरची अंडी विकली आणि त्या पैशांची तीन सफरचंदे घेतली.

आम्ही विचारले, "मावशी, अंडी पोरालाच का नाही दिली?"

त्या म्हणाल्या, "अहो, सफरचंद महाग असतं. मग ताकद त्यातच जास्त असणार की!"

हा समज गावोगाव आहे. तो खरा आहे का? चला, हिशेब करून पाहू.

सफरचंद काश्मीर आणि हिमाचलातून आपल्याकडे येते. १०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ८६ ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम साखर असते. त्यात चोथा चांगला असतो. चोथ्याने पोट साफ राहते. हा चोथा सालीत बराच असतो. म्हणून सफरचंद धुऊन सालीसकट खावे. पण क जीवनसत्त्व त्यात थोडेच, म्हणजे ४-५ मिलिग्रॅम असते. हिरड्या बळकट राहायला आणि जखम भरून यायला हे जीवनसत्त्व लागते.

आता शहरातल्या दुकानात मिळणारा डब्यातला टोमॅटो पाहू. "डब्यातले म्हणजे शिळे, त्यात काय राम?" असे आपण म्हणतो. पण तेवढ्याच वजनाच्या या टोमॅटोत क जीवनसत्त्व सफरचंदाच्या सुमारे दुप्पट असते! साखर मात्र कमी असते.

हे कसे? फ्रान्स देशात निकोला अपेर नावाचा एक हलवाई होता. तो बाटलीत अन्न भरी, बूच घट्ट लावी आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवी. मग ते अन्न महिनोन्‌महिने टिके. १८१० साली तिथल्या सरकारने त्याला १२,००० फ्रँकांचे बक्षीस दिले. डब्याचेही तसेच आहे. उष्णतेने आतले जंतू मरतात. डबा बंद असल्याने नवे जंतू आत शिरत नाहीत. उष्णतेने थोडे क जीवनसत्त्व जाते, पण सगळे जात नाही.

टोमॅटोचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे येतो, त्याला लायकोपीन म्हणतात. तेही शरीराच्या उपयोगाचे आहे. टोमॅटो तेलात शिजवला की ते अधिक अंगी लागते.

पण डबा घेताना जपावे. पुष्कळ डब्यांत मीठ घातलेले असते. रक्तदाब असणाऱ्याने ते बेताने खावे. फुगलेल्या डब्यातले अन्न तर चाखूनही पाहू नये. ते विषारी असू शकते.

मग आपण डबे विकत आणायचे का? मुळीच नाही. आपल्या मळ्यातल्या ताज्या टोमॅटोत क जीवनसत्त्व डब्यातल्यापेक्षा थोडे जास्तच असते. आणि परसातला पेरू? १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्याही वर भरते. कुठे चार-पाच आणि कुठे दोनशे!

मावशींच्या अंड्यांचाही हिशेब करू. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांनी अंग भरते. १०० ग्रॅम सफरचंदात ती अर्धा ग्रॅमसुद्धा नसतात.

सफरचंद वाईट नाही. परवडले तर जरूर खावे. पण त्यासाठी पोराच्या तोंडचे अंडे विकू नये. भाव बाजारात ठरतो, गुण बाजारात ठरत नाही.